पकड आणि बैठक

काही प्रश्न इतके लहान असतात की ते विचारणाऱ्याला संकोच वाटतो आणि ऐकणाऱ्याला हसू येते. गळाची कृत्रिम माशी बांधण्याचा शेगडा टेबलाच्या कडेला पकडीने आवळावा, की जड बैठकीवर ठेवून उभा करावा, हा प्रश्न त्या जातीचा आहे. त्याला या पानांवर जागा मागण्याचे धाडस मी करतो, ते एवढ्यासाठी की नोकरीच्या निमित्ताने परप्रांतात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना जो एक प्रश्न जन्मभर पुरतो, तो याच्या पोटात जवळजवळ जसाच्या तसा दडलेला आहे. जे आपले नाही, त्याच्या आधाराने उभे कसे राहावे?

ज्यांना या कलेचा परिचय नाही, त्यांच्यासाठी दोन शब्द. गळाने मासे धरणाऱ्यांत एक पंथ असा आहे की तो गळाला गांडूळ किंवा कणकेची गोळी लावीत नाही. उघड्या गळावर रेशमी दोरा, पिसे, लोकर आणि केस गुंडाळून तो पाण्यावर बसणाऱ्या माशीची नक्कल करतो आणि माशाला फसवतो. हा खेळ जुना आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या शतकांच्या संधीवर इलियन या ग्रंथकाराने मॅसिडोनियातील कोळी गळाभोवती तांबडी लोकर गुंडाळून तीवर कोंबड्याची पिसे लावतात, असे लिहून ठेवले आहे. आपल्याकडे कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लासा’त मत्स्यविनोदावर एक स्वतंत्र प्रकरण आहे, त्याकडे प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली अभ्यासकांचे लक्ष वेधले. राजाचा गळ पोटासाठी नव्हता, विनोदासाठी होता, हे प्रकरणाच्या नावावरूनच कळते. माशी बांधणारेही त्याच वर्गातले. पोट भरायचे असते तर जाळे स्वस्त पडले असते.

गळ अर्ध्या इंचाचा, कित्येकदा त्याहूनही लहान. तो बोटांत धरून त्याच्याभोवती दोरा ताणून गुंडाळणे सर्वांना साधत नाही. ज्यांना साधले असे लोक झाले. अमेरिकेतील ली वुल्फ (१९०५–१९९१) हा शेगड्यावाचून नुसत्या बोटांत गळ धरून माश्या बांधण्याबद्दल प्रसिद्ध होता. पण सिद्धपुरुषांवरून नियम करू नयेत. सामान्य माणसाला गळ धरून ठेवणारा एक लहानसा शेगडा लागतो. भिलाईत शेगडा म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. फिटरच्या बाकावरील शेगड्याचाच हा नाजूक वंशज. दोन बारीक जबडे, त्यांना आवळणारी एक कळ, आणि खाली एक उभा दांडा. प्रश्न सारा या दांड्याच्या खालच्या टोकाचा आहे.

एका तऱ्हेत दांडा पकडीत बसतो. इंग्रजी सी अक्षराच्या आकाराची ही पकड टेबलाच्या कडेवर सरकवून खालून स्क्रूने आवळायची. तिचे वजन थोडे, धरणे पक्के. दांडा वरखाली करता येतो, त्यामुळे उंच माणसाला वाकावे लागत नाही. पण तिला कड लागते. फळी फार जाड असेल, तिच्याखाली पट्टी किंवा खण असेल, कड गोलाई मारलेली असेल, तर पकड बसत नाही. आणि बसली तर दाबाचा वळ उठण्याचे भय असते. दुसऱ्या तऱ्हेत दांडा पोलादाच्या किंवा पितळेच्या जड पाटीत खुपसलेला असतो. ही बैठक. ती कुठेही ठेवावी. कडेची गरज नाही, कुणाची परवानगी नको, वळ नाही. मात्र तिचे वजन आपणच वाहायचे. आणि ती ओढली तर कलते. बैठक दोन किलोची, दहा सेंटिमीटर रुंद, आणि जबडे वीस सेंटिमीटर उंचीवर आहेत असे धरू. कडेपासून मध्यापर्यंतचे अंतर पाच सेंटिमीटर. म्हणजे जबड्यांशी आडवा ओढा सुमारे अर्ध्या किलोचा झाला की दुसरी बाजू टेबलावरून उचलू लागेल. बारीक दोऱ्याच्या कामाला एवढे पुरते. हरणाचे केस जाड दोऱ्याने करकचून बसवायचे असतील तर पुरत नाही, आणि मग एक हात बैठक दाबून धरण्यात अडकतो. तिसरीही एक तऱ्हा आहे, दांडा टेबलातच बोल्टाने कायमचा ठोकण्याची. पण त्यासाठी टेबल आपल्या मालकीचे हवे. ते ज्यांचे आहे त्यांना हा लेख वाचण्याची गरज नाही.

माझे एक स्नेही भिलाईच्या कारखान्यात अभियंते होते. मध्यंतरी काही वर्षे कुलूच्या खोऱ्यात काढल्यामुळे त्यांना हा नाद लागला. तिथे ट्राउट मासा आहे, शिवनाथेत तो नाही. तरी नाद राहिला. शेगडा मागवताना पकडीसह हवा की बैठकीसह, असा प्रश्न आला. त्यांनी तो रविवारी जमणाऱ्या मराठी मंडळींपुढे सहज टाकला. उत्तरे मोठी बोधक आली. लेखाविभागातले एक गृहस्थ म्हणाले, “बैठकच घ्या. उद्या बदली झाली तर उचलून ट्रंकेत टाकता येईल.” दुसऱ्यांनी, टेबल कंपनीचे आहे, वळ उठला तर सोडताना भरपाई मागतील, अशी शंका काढली. स्नेह्यांच्या पत्नी चहा देता देता म्हणाल्या, “अहो, जेवायच्या टेबलाला लावणार असाल तर दोन्हीही नकोत.” एवढे एक मत सोडले तर सारा कौल बैठकीच्या बाजूने पडला. कौल देणाऱ्यांत भिलाईत पंचवीस वर्षे झालेले लोक होते, आणि ज्यांची बदली होण्याचा काही संभव उरला नव्हता असेही होते.

त्या एकमताने मला विचारात पाडले. परप्रांतातला अधिकारी बैठक पसंत करतो, याला एक उदात्त नावही आपण देऊन ठेवले आहे: अलिप्तता. आपण कुणाच्या कडेला धरत नाही, कुणावर भार टाकत नाही, आल्या पायी जाऊ. गीतेतील असक्ताचे चित्र आपल्याला फार सोयीचे वाटते. पण बैठकीची अलिप्तता कशाने येते ते पाहावे. ती येते मृत वजनाने. ते दोन किलो पोलाद काही कापत नाही, काही धरत नाही. न हलणे एवढेच त्याचे काम. आपणही असे वजन बरोबर वागवतो. पुण्याहून मागवलेला मसाला, गणेशोत्सवातील त्याच त्या नाटकाचा प्रवेश, दिवाळी अंकांचा गठ्ठा, आणि ‘आमच्याकडे असे नसते’ हे वाक्य. यातले काहीही वाईट नाही. शेवटचे वाक्य सोडल्यास मला सारे प्रिय आहे. पण या वजनावर उभा असलेला माणूस ज्या टेबलावर उभा आहे त्याची जाडी किती, हे त्याला कधी मोजावे लागत नाही.

छत्तीसगडात येणारे आपण पहिले मराठी अंमलदार नव्हे, म्हणून या दोन तऱ्हांना इतिहासाची साक्षही मिळते. १७४१ साली भोसल्यांचे सेनानी भास्करपंत रतनपुरावर चालून आले. त्यानंतर १७५८ त नागपूरच्या रघूजी भोसल्यांचे पुत्र बिंबाजी रतनपूरला आले, आणि १७८७ त तेथेच वारले. जवळजवळ तीस वर्षे त्यांनी त्याच गावी संसार केला, दरबार भरवला. रतनपूरच्या टेकडीवर राममंदिर बांधले. त्या टेकडीला रामटेकरी म्हणतात, आणि नागपूरजवळचे रामटेक ज्याने पाहिले आहे त्याला त्या नावात घरची आठवण ऐकू येते. दसऱ्याला सोने म्हणून पाने देण्याची चाल छत्तीसगडात त्यांनीच रुजवली असे सांगतात. त्यांच्यामागून हा प्रांत व्यंकोजींकडे आला. व्यंकोजींनी मुक्काम मुख्यतः नागपुरात ठेवून सुभेदारांकरवी कारभार चालवला. सुभेदार यायचे, वसुली करायचे, जायचे. बिंबाजींना पकडीचा आणि व्यंकोजींना बैठकीचा म्हणावे काय? उपमा थोडी ताणली जाते, हे मान्य. परंतु येथील लोकांच्या स्मरणात बिंबाजींना जी जागा आहे ती सुभ्यांच्या कारभाराला नाही, आणि यात केवळ स्वभावाचा फरक असेल असे मला वाटत नाही. जो तेथेच मरणार आहे त्याला विहिरीच्या पाण्याची काळजी वाटते.

येथे वाचक मला थांबवील, आणि त्याने थांबवावेच. बिंबाजी पाहुणे म्हणून आले नव्हते. त्यांच्यापुढे फौज होती. पकड म्हणजे दाब. तिचे सारे सामर्थ्य टेबलाच्या सोसण्यातून येते. बैठक निदान कुणाचे काही बिघडवत नाही. हा आक्षेप मी लहान मानत नाही, कारण भिलाईत बसून तो लहान मानता येत नाही. पोलाद कारखान्याचा सोव्हिएत संघाशी करार २ फेब्रुवारी १९५५ रोजी झाला आणि पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी केले, हे आपल्यापैकी पुष्कळांना पाठ असते. भिलाई हे नाव त्यापूर्वी एका खेड्याचे होते, आणि आपले सेक्टर ज्या जमिनीवर आखले गेले तीत भात पिकत होता, हे तितके पाठ नसते. ज्या कारखान्यात अवजड यंत्रांचे बोल्ट पायातील काँक्रीटमध्ये कायमचे पुरले जातात, तो कारखाना स्वतःच या जमिनीला आवळलेली एक प्रचंड पकड आहे. आपली बैठक कितीही निरुपद्रवी असली तरी ती त्या पकडीवर ठेवलेली आहे. क्वार्टरातील टेबलाला ओरखडा न उठू देणाऱ्या माणसाचा पगार त्याच वळातून येतो. म्हणून ‘मी कुणाला धरले नाही’ हे विधान भिलाईत तरी खरे ठरत नाही. धरलेलेच आहे, कसे धरावे एवढेच आपल्या हाती उरते.

या संबंधात मला माधवराव सप्रे आठवतात. मातृभाषा मराठी, जन्म १८७१ चा, दमोह जिल्ह्यातील पथरियाचा. त्यांनी १९०० साली पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले. पेंड्रा म्हणजे आजही आडवळण. त्या काळी तेथून मासिक काढणे म्हणजे काय असेल याची कल्पना करावी. मासिक तीन वर्षे चालले. त्यातच १९०१ मध्ये त्यांची ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही कथा आली, आणि हिंदीतील आरंभीच्या कथांत तिची गणना होते. एका जमीनदाराला आपला वाडा वाढवायचा असतो, आड येते एका विधवेची झोपडी. कायद्याच्या जोरावर तो ती मिळवतो. म्हातारी चूल घालण्यासाठी टोपलीभर माती मागायला येते आणि टोपली डोक्यावर चढवायला त्याचाच हात मागते. त्याला ती उचलवत नाही. एक टोपली उचलवत नाही, तर साऱ्या जमिनीचे ओझे जन्मभर कसे वाहाल, असे ती त्याला विचारते, आणि तो शुद्धीवर येऊन झोपडी परत करतो. भिलाईच्या अधिकाऱ्याने ही कथा वाचली नसेल तर अवश्य वाचावी. तीत ओझ्याची गोष्ट आहे, आणि ती एका मराठी माणसाने दुसऱ्यांच्या भाषेत, दुसऱ्यांच्या मातीविषयी सांगितली आहे.

सप्र्यांना हिंदी परकी म्हणून शिकावी लागली असेल किंवा नसेल. तो भाग येथे महत्त्वाचा नाही. त्यांनी मराठी टाकली नाही, हे महत्त्वाचे. दासबोध आणि टिळकांचे गीतारहस्य त्यांनी हिंदीत नेले. म्हणजे आपल्या ट्रंकेतले वजन त्यांनी टेबल न हलावे म्हणून वापरले नाही. ते टेबलावर मांडून ज्याचे टेबल त्याच्या हाती दिले. आपण वर्षातून एकदा मंडळाच्या सभागृहात जे मांडतो ते पाहायला आपल्याखेरीज कोण येते?

शेगड्याकडे वळू. माझे मत पकडीच्या बाजूचे आहे, आणि ते मी स्नेह्यांनाही सांगितले. कारण तिच्या बळकटपणाचे नाही. पकड लावणाऱ्याला आधी टेबलाखाली वाकून पाहावे लागते. फळी किती जाड आहे, लाकूड सागाचे की भुशाच्या दाबीव तक्त्याचे, पट्टी कुठे आहे, कड सोसेल काय. आणि टेबल दुसऱ्याचे असेल तर तोंड उघडून विचारावेही लागते. बैठक ठेवणाऱ्याला यातले काही करावे लागत नाही, आणि तिची सोय ती हीच. भिलाईत तीस वर्षे राहून शेजारच्या पाड्याचे नाव ठाऊक नसलेले, घरी काम करणाऱ्या बाईशी हिंदीत बोलणारे आणि ती आपसांत छत्तीसगढीत काय बोलते ते कधीही न समजून घेतलेले लोक मी पाहिले आहेत. ते दुष्ट नव्हते. ते बदलीवर होते. बदली त्यांच्या मनात होती. कागदावर ती वीस वर्षांत निघाली नव्हती. ‘तात्पुरते’ हा शब्द नीतीच्या दृष्टीने मोठा धोक्याचा आहे. त्याच्या आडोशाला माणूस अनेक देणी नाकारू शकतो. आणि त्यांची मुले, ज्यांनी दुसरे गाव पाहिले नाही, ती आईबापांच्या बैठकीवर बसून वाढली. सेवानिवृत्तीनंतर आईबाप पुण्यास किंवा नागपुरास एखाद्या सदनिकेत गेले, तेथे त्यांना कुणी ओळखेना. मुलांना विचारले की तुमचे गाव कोणते, तर ती क्षणभर थांबतात. तो क्षण मला फार लांब वाटतो.

स्नेह्यांनी उलट सुचवले की ज्याला दीड वर्षासाठीच कुठे पाठवले आहे त्याला पकडीचा आग्रह धरणे अन्याय होईल. खरे आहे. दर पावसाळ्यात तालुका बदलणाऱ्या अधिकाऱ्याने बैठक वापरावी; काचेच्या टेबलावर तर दुसरा इलाजच नाही. उपाहारगृहातल्या गोल टेबलाला कुणी पकड लावू नये. पण बहुतेक शेगड्यांचा दांडा एकाच मापाचा, ३/८ इंची असतो, आणि तोच दांडा आज बैठकीतून काढून उद्या पकडीत घालता येतो. बैठक घेऊन आलेल्याने ती जन्मभर वापरलीच पाहिजे असे कुठे लिहिले आहे? दोन वर्षे झाली की एकदा टेबलाखाली वाकून पाहायला काय हरकत आहे?

एक प्रश्न उरतो, आणि तो सर्वांत अवघड. एवढी पकड बळकट करून शेवटी बांधायचे काय, तर माशाला फसवणारी माशी. देहूला इंद्रायणीतील माशांना भाविक अन्न घालतात. त्या परंपरेत वाढलेल्याला हा उद्योग क्रूर वाटला तर नवल नाही. स्कॉटलंडच्या उत्तर किनाऱ्याकडे मेगन बॉइड नावाची बाई (१९१५–२००१) झाली. समुद्राकडे तोंड असलेल्या खिडकीशी बसून तिने जन्मभर सामन माशासाठी माश्या बांधल्या. तिच्या हातच्या माश्या जगभर नावाजल्या गेल्या. स्वतः तिने कधी मासेमारी केली नाही. जीव घेणे तिला नको होते. १९७१ साली राणीने तिला पदक दिले, तेव्हा कुत्र्याला सांभाळायला कुणी नाही म्हणून ती समारंभाला गेली नाही. तिच्या माशीने दुसऱ्यांच्या हातून जे मासे मेले त्यांचे काय, हे विचारता येईल, आणि त्याचे समाधानकारक उत्तर माझ्यापाशी नाही. भिलाईच्या रुळांवरून कोणत्या गाड्या कोणाला कुठे नेतात, हेही रूळ लाटणाऱ्याला विचारता येईल. काम शेवटी दुसऱ्याच्या हाती जाते. पण त्या बाईने आपली खिडकी, आपला किनारा आणि आपले कुत्रे सोडले नाही. राजवाड्यापेक्षा जवळचे देणे तिने आधी मानले, आणि पकड म्हणतात ती मला तिच्यात दिसते.

आता थोडे व्यवहाराचे. पकड किती आवळावी, याविषयी नवख्यांचा गैरसमज असतो. जितकी घट्ट तितकी चांगली, हे खरे नाही. दोरा ताणून पाहावा. दांडा हलत नसेल तर तेथेच थांबावे. लाकूड दाबाखाली थोडे बसते, म्हणून अर्ध्या तासाने स्क्रू पुन्हा पाहावा लागतो. पहिल्याच वेळी जोर लावून ठेवण्यात अर्थ नाही. काम संपले की रात्री सैल करावा. आणि स्क्रूच्या तोंडाशी व वरच्या ओठाखाली, दोन्हीकडे, काहीतरी मऊ घालावे. बाजारात यासाठी रबराच्या चकत्या मिळतात, पण उन्हाळ्यात त्या लाकडाला चिकटतात आणि काळा डाग राहतो. येथील मे महिना ज्यांनी पाहिला आहे त्यांना अधिक सांगायला नको. चामड्याचा तुकडा उत्तम. जुन्या चपलेचा चालतो. खिळा राहिला नाही ना, एवढे मात्र आधी बोटाने चाचपून घ्यावे.